ज्याची त्याची वाटी

पाडव्याच्या आदल्या रात्री आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोठी रांगोळी घालायची पद्धत होती. दहानंतर रहदारी ओसरली की रस्ता झाडायचा, पाणी मारायचं, आणि उजाडायच्या आत सगळं आटपायचं. आई आणि पलीकडच्या काकू दोरीला गेरू चोळायच्या. दोघी दोन टोकांना बसून दोरी ताणायच्या, मधोमध चिमटीत धरून उचलायच्या आणि सोडायच्या. फट् आवाज व्हायचा आणि डांबरावर लाल रेघ उमटायची. अशा रेघांनी रस्त्याचे चौकोन पडले की एकेका चौकोनात एकेक बाई बसायची.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. पहिल्या वर्षीचं मला लख्ख आठवतं, कारण ती रांगोळी पहाटे साडेपाचपर्यंत चालली. पांढरी रांगोळी एकाच मोठ्या डब्यात होती. बाकीचे रंग अधूनमधून लागत, पण पांढरी प्रत्येकीला सतत लागायची. "डबा इकडे सरकवा हो काकू", "थांब गं, माझं एवढं होऊ दे", असं रात्रभर चाललेलं. आठजणी बसल्या होत्या, पण कधीही बघावं तर तीन-चारजणी डब्याची वाट बघत हात झाडत बसलेल्या. दुसऱ्या वर्षी आईने घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या वाट्या बाहेर काढल्या. "आधी आपापली वाटी भरून घ्या गं, मग बसा," एवढंच ती म्हणाली. त्या वर्षी अडीच वाजता आम्ही घरी येऊन झोपलोसुद्धा.

हे सगळं मला एकदम आठवलं ते 2008 साली, पुण्यातल्याच एका भाड्याच्या खोलीत, रात्री दीडच्या सुमाराला, स्क्रीनवरचा एक आकडा बघताना. आकडा होता 130. तो 25 असायला हवा होता.

थोडं मागे जाते. त्या काळात आमच्या प्रोग्रामिंगच्या धंद्यात एक मोठा बदल नुकताच घडून गेला होता. माझ्या कॉलेजच्या दिवसांत प्रोग्राम संथ चालला तर फार मनाला लावून घ्यायचं नसे. वर्ष-दीड वर्षात नवा प्रोसेसर येई आणि तोच प्रोग्राम, एक अक्षर न बदलता, जास्त वेगाने धावे. 2004 मध्ये पेंटियम 4 हा 3.8 गिगाहर्ट्झपर्यंत पोचला आणि तिथे गाडी अडली. त्यापुढे वेग वाढवायचा तर चिप इतकी तापत होती की ती उष्णता काढून टाकणं परवडेना. मग कंपन्यांनी वेग वाढवायचं सोडून कोअर, म्हणजे एकाच चिपमधले स्वतंत्रपणे गणित करणारे भाग, वाढवायला घेतले. 2005 मध्ये घरगुती कॉम्प्युटरसाठी दोन कोअरचे प्रोसेसर आले, 2007 च्या सुरुवातीला इंटेलचा क्यू 6600 आला: चार कोअर, प्रत्येक 2.4 गिगाहर्ट्झ. म्हणजे एकेकटा कोअर बघितला तर आकडा पूर्वीपेक्षा कमीच. जुना प्रोग्राम त्यातल्या एका कोअरवर चालत राहायचा आणि उरलेले तीन नुसते बसून. त्यांना कामाला लावायचं तर प्रोग्राम लिहिणाऱ्याने कामाची वाटणी करायची, दुसरं कुणी ती करून देणार नव्हतं.

मी पैसे साठवून तो क्यू 6600 घेतला. ऑफिसातलं काम ग्राफिक्सचं नव्हतं, पण रात्री घरी मी स्वतःचा रे ट्रेसर लिहीत होते. चित्र काढण्याची ही पद्धत मला फार आवडते. चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलमधून आपण एक किरण दृश्यात सोडतो, तो कशावर आदळतो ते शोधतो, तिथून तो पुन्हा कुठे उसळेल ते बघतो, असं करत करत दिव्यापर्यंत पोचलो की त्या पिक्सेलचा रंग कळतो. टर्नर व्हिटेड यांनी 1980 मध्ये आरसा आणि काच यांतून किरण असे पुढे पाठवत नेण्याची रीत मांडली. पुढे त्यात रँडम उसळ्या आल्या, म्हणजे एकाच पिक्सेलमधून शंभर किरण सोडायचे, प्रत्येकाने वेगळी वाट धरायची आणि शेवटी सगळ्यांची सरासरी घ्यायची. माझं चित्र 640 बाय 480 चं होतं. म्हणजे 3,07,200 पिक्सेल आणि प्रत्येकी 100 किरण: तीन कोटींहून जास्त. दृश्य साधं होतं: घोटलेल्या फरशीवर एक पितळी समई, मागे मोकळं संध्याकाळचं आकाश. एका थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच हाताने, ते चित्र 100 सेकंदांत होत होतं.

कामाची वाटणी करायला याहून सोयीचं काही सापडायचं नाही. एका पिक्सेलचा शेजारच्या पिक्सेलशी काडीचा संबंध नसतो. चित्राचे आडवे चार पट्टे केले, चार थ्रेड सुरू केले, प्रत्येकाला एक पट्टा दिला. पंचवीस सेकंदांची वाट बघत बसले आणि आकडा आला 130. चार हात लावले आणि काम उलट लांबलं.

कोडमध्ये मला कुठेही लॉक, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप, दिसत नव्हतं. मी लिहिलंच नव्हतं. टॉप ही कोण किती राबतंय ते दाखवणारी कमांड लावून बघितलं तर चारही कोअर कामात दिसत होते, पण त्यातला बराचसा वेळ माझ्या गणितात जाण्याऐवजी ऑपरेटिंग सिस्टिमच्या खात्यावर जमा होत होता. मग मी एक जुना, गावठी पण भरवशाचा उपाय केला. प्रोग्राम डीबगरमध्ये चालवला, मधेच थांबवला, प्रत्येक थ्रेड कुठे उभा आहे ते कागदावर लिहिलं, पुन्हा चालू केला, पुन्हा थांबवला. असं दहा वेळा. दहापैकी आठ वेळा तीन थ्रेड एकाच जागी उभे सापडले: रँड या फंक्शनच्या आत.

किरणाला उसळी कुठल्या दिशेला द्यायची हे ठरवायला रँडम आकडा लागतो आणि तो मी सी भाषेच्या नेहमीच्या रँडकडून मागत होते. रँडम आकडे देणारं हे यंत्र मागचा आकडा लक्षात ठेवून त्यावरून पुढचा काढतं. तो मागचा आकडा अख्ख्या प्रोग्राममध्ये एकाच जागी ठेवलेला असतो. दोघांनी एकदम हात घातला तर घोळ होऊ नये म्हणून लिनक्सवरच्या लायब्ररीने त्याला कुलूप लावलेलं आहे. एकेका किरणाला असे कितीतरी आकडे लागतात, म्हणजे कोट्यवधी वेळा माझे चारही थ्रेड त्या एका कुलपाशी येऊन रांगेत उभे राहत होते. एकटा थ्रेड असताना कुलूप काढायला-लावायला जवळजवळ काहीच लागत नाही. चौघे जमले की झोपवणं, उठवणं, पुन्हा प्रयत्न करणं यातच वेळ जातो.

पांढऱ्या रांगोळीचा डबा! मी खुर्चीतून उठलेच. दिवा लावला, खिडकीशी जाऊन उभी राहिले, आणि मला आईच्या हातातल्या त्या स्टीलच्या, पितळेच्या, एका पोचा आलेल्या अॅल्युमिनियमच्या वाट्या दिसायला लागल्या.

प्रत्येक थ्रेडला स्वतःचं रँडम यंत्र दिलं. दहा ओळींचा बदल. चित्र 45 सेकंदांत आलं, पण बघितल्यावर पोटात गोळा आला. सरासरीला शंभर किरण पुरत नाहीत तेव्हा चित्रावर वाळूसारखे बारीक दाणे दिसतात, ते दिसणारच. पण इथे चारही पट्ट्यांच्या सुरुवातीला दाण्यांची नक्षी हुबेहूब सारखी होती, ठसे मारल्यासारखी. चारही यंत्रांना मी सुरुवात करून दिली होती घड्याळातल्या सेकंदावरून, आणि चारही थ्रेड एकाच सेकंदात जन्मले होते. वाट्या वेगळ्या, पण आतला दाणा न् दाणा तोच. मग यंत्राची सुरुवात मी घड्याळावरून काढून पिक्सेलच्या क्रमांकावरून केली. ही गोष्ट तेव्हा मला नुसती दुरुस्ती वाटली होती. ती त्याहून किती मोठी होती हे पुढे कळलं, त्याकडे येतेच.

आता हे 45 सेकंद. पंचवीस का नाहीत? कारण वाटणी समान होती ती नुसती क्षेत्रफळाने. वरच्या दोन पट्ट्यांत आकाश होतं. किरण निघाला, कशावरच आदळला नाही, संपलं. खालच्या दोन पट्ट्यांत समई होती: घडीव पितळ, वळणं, एका तबकाचं दुसऱ्यात पडलेलं प्रतिबिंब, फरशीत त्या सगळ्याचं उलटं रूप. वरचे दोन थ्रेड पाच-सहा सेकंदांत मोकळे झाले आणि उरलेला वेळ खालचे दोघे घाम गाळत राहिले. हे बघायचं असेल तर मँडेलब्रॉट संच या गणिती आकृतीचं चित्र काढून बघावं. काळा भाग मधोमध असतो आणि नेमके तेच बिंदू शेवटच्या फेरीपर्यंत गणित करायला लावतात. वरखालचे पट्टे झटकन होतात, मधले रखडतात.

यावर उपाय म्हणजे पट्टे सोडून चौकोन करायचे. 32 बाय 32 चे चौकोन घेतले तर माझ्या चित्राचे बरोबर 300 होतात. ते आधी कुणाला वाटून द्यायचे नाहीत. एक क्रमांक ठेवायचा. जो थ्रेड मोकळा होईल त्याने येऊन पुढचा क्रमांक घ्यायचा आणि आपल्या चौकोनाकडे जायचं. सामायिक वस्तू राहते ती एवढीच, आणि तिला हात लागतो फक्त तीनशे वेळा. 26 सेकंद. त्या रात्री मी तेच चित्र पुन्हा पुन्हा काढत बसले, काही कारण नसताना, फक्त ते चार चौकोन एकदम भरत जाताना बघायला. ब्लेंडर हा थ्रीडी चित्रं काढायचा प्रोग्राम वापरणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचं असेल. त्यातल्या सायकल्स या रेंडररमध्ये, म्हणजे चित्र काढणाऱ्या भागात, असेच चौकोन एकेक करून पाजळत जायचे, आणि कुठल्या चौकोनात काच आहे, कुठे केस आहेत, हे कोण किती रेंगाळतो त्यावरून कळायचं. 2021 च्या अखेरीस ब्लेंडर 3.0 आलं आणि ते चौकोन गेले. आता सगळं चित्र एकदम, धुक्यातून वर येतं. ते जास्त उपयोगी आहे, मान्य. मला मात्र चौकोनांची आठवण येते. चार जण काम करताना डोळ्यांना दिसतात अशी प्रोग्रामिंगमध्ये दुसरी जागा मला माहीत नाही.

चौकोन किती मोठा घ्यायचा याला एकच एक उत्तर नाही. फार मोठा घेतला तर शेवटी एकजण समईत अडकतो आणि बाकीचे बसून राहतात. फार लहान, अगदी एकेका पिक्सेलचा घेतला, तर एक ना धड भाराभर चिंध्या: तीन लाख वेळा क्रमांक घ्यायला यायचं, आणि शेजारी शेजारी बसलेले थ्रेड एकमेकांच्या मेमरीला धक्के मारणार.

हा धक्का दिसत नाही, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगते. किती किरण सोडले हे मोजायला मी पुढे चार आकड्यांची एक रांग ठेवली, प्रत्येक थ्रेडला आपला एक आकडा. कुणी कुणाच्या आकड्याला हात लावत नाही, लॉकची गरज नाही, सगळं आईने शिकवल्यासारखं. आणि वेळ 26 वरून 33 सेकंदांवर गेला. चारच आकडे मोजायला सात सेकंद! प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा उचलत नाही. तो 64 बाइट्सचा अख्खा तुकडा उचलून कॅश नावाच्या आपल्या जवळच्या छोट्या मेमरीत ठेवतो. माझे चार आकडे आठ-आठ बाइट्सचे, मिळून 32. चारही एकाच तुकड्यात बसत होते. एका कोअरने आपला आकडा बदलला की तो तुकडा बाकीच्यांकडे शिळा ठरे, त्यांना तो पुन्हा मागवावा लागे, त्यांनी बदलला की पुन्हा पहिल्याकडे शिळा. वाट्या वेगळ्या होत्या, पण चारही एकाच ताटात ठेवल्या होत्या आणि ते ताटच या हातातून त्या हातात फिरत होतं. मधे रिकामी जागा सोडून प्रत्येक आकडा आपापल्या 64 बाइट्सच्या तुकड्यात नेऊन ठेवला, आणि 26 परत आले. याला फॉल्स शेअरिंग म्हणतात. कोड वाचून हे सापडत नाही. यंत्र आतून कसं चालतं ते माहीत असावं लागतं, आणि मला वाटतं हे शिकवताना आपण फार घाई करतो.

मी शाळेत असताना, 1991 मध्ये, आमच्या गावात परम 8000 हा सुपरकॉम्प्युटर तयार झाला होता. तो बांधणाऱ्या सी-डॅक या सरकारी संस्थेची स्थापना 1988 ची; अमेरिकेकडून हवा तो सुपरकॉम्प्युटर मिळेना म्हणून विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्यात स्वतःचा बांधायला घेतला. घरात मोठी माणसं अभिमानाने बोलायची तेवढंच तेव्हा कळायचं. त्याच्या पोटात काय होतं ते मी रे ट्रेसरच्या नादात वाचलं. ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीची ट्रान्सप्युटर नावाची चिप होती. प्रत्येक चिपला स्वतःची मेमरी आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे. सामायिक मेमरी नाहीच. काही हवं असेल तर निरोप पाठवायचा, उत्तराची वाट बघायची. म्हणजे डबा ही वस्तूच काढून टाकलेली, सुरुवातीपासून सगळ्यांच्या हातात वाट्या. माझ्या टेबलावरच्या चार कोअरना मात्र एकच मेमरी होती, आणि जिथे एकच मेमरी असते तिथे नकळत सामायिक होणाऱ्या गोष्टी इतक्या असतात की त्या शोधत बसणं हेच खरं काम होऊन बसतं.

किरणांच्या पद्धतीत निदान पिक्सेल एकमेकांपासून अलिप्त असतात. गेममध्ये असतं तसं त्रिकोण रंगवत जायचं असेल तर ते सुखही नाही. एक त्रिकोण दुसऱ्यावर पडतो, दोघांना एकाच पिक्सेलवर लिहायचं असतं, आणि पुढचा कोण, मागचा कोण हे तिथेच ठरतं. त्रिकोण वाटून दिले तर प्रत्येक पिक्सेलवर मारामारी. म्हणून त्रिकोण न वाटता जागा वाटतात. लिनक्सवर ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्र काढायचं काम मेसा या ग्राफिक्सच्या लायब्ररीमधला एलएलव्हीएमपाइप हा रेंडरर नुसत्या प्रोसेसरवर करतो. तो पडद्याचे 64 बाय 64 चे चौकोन पाडतो, कुठला त्रिकोण कुठल्या चौकोनाला शिवतो याच्या याद्या आधी बनवतो, आणि मग एकेका थ्रेडला एकेक चौकोन देतो. एका चौकोनात एकच थ्रेड, म्हणून भांडण नाही, आणि यादीतला क्रम जसाच्या तसा पाळला जातो. मी तो कोड वाचला तेव्हा मला दोरीचा फट् आवाज ऐकू आला. ग्राफिक्स कार्डाला हुकूम पाठवण्यातही हेच. ओपनजीएल या हुकूम पाठवायच्या जुन्या पद्धतीत एक कॉन्टेक्स्ट, म्हणजे कार्डाशी चाललेलं एक संभाषण, एका वेळी एकाच थ्रेडच्या हातात असतो. 2016 मध्ये वल्कन ही नवी पद्धत आली तेव्हा हुकुमांच्या याद्या अनेक थ्रेडनी एकाच वेळी लिहायची सोय झाली, आणि त्यासाठी प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र कमांड पूल, म्हणजे याद्यांसाठी स्वतःची वाटी, ठेवायचा असतो.

आणि कितीही छान वाटणी केली तरी काही कामं एकट्याचीच राहतात. समईचा आकार फाइलमधून वाचणं, किरण कशावर आदळतो ते लवकर सापडावं म्हणून त्याची उतरंड रचणं, शेवटी चित्र डिस्कवर लिहिणं. यांना माझ्याकडे दहा सेकंद लागायचे, थ्रेड एक असो की चार. म्हणजे सगळं मिळून 110 सेकंदांचे 36 झाले. हजार कोअर लावले तरी ते दहाच्या खाली जाणार नाहीत, म्हणजे अकरा पटीच्या पुढे वाट बंद. जीन अॅमडाल यांनी हा हिशोब 1967 मध्येच मांडला होता, आणि तोही एकच वेगवान प्रोसेसर कसा बरा हे पटवायला. मी त्या दहा सेकंदांकडे बरीच वर्षं दुर्लक्ष केलं. चौकोन भरताना बघण्यात जो आनंद आहे तो फाइल वाचण्यात कुठला. पण शेवटी त्यांनाही हात घालावाच लागला.

आता ती पिक्सेलच्या क्रमांकाची गोष्ट. थ्रेडच्या चुका सर्वांत जास्त छळतात त्या यासाठी की त्या पुन्हा त्याच रूपात भेटत नाहीत. एकदा चित्रात एक काळा ठिपका आला. पुन्हा चालवलं, ठिपका गायब. शंभरदा चालवलं तर दोनदा दिसला, तोही वेगळ्या जागी. दोन थ्रेड एकाच जागी लिहीत होते आणि कोण आधी पोचेल हे ज्या त्या वेळच्या योगावर होतं. अशी चूक शोधताना माणूस स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेऊ लागतो. मला ती सापडली ती एकाच कारणाने: माझ्याकडे खरं चित्र कोणतं हे ठरवायला पक्की खूण होती. रँडम आकडे पिक्सेलच्या क्रमांकावरून निघत होते, थ्रेडवरून नाही. एका पिक्सेलचे शंभर किरण एकच थ्रेड, एकाच क्रमाने बेरीज करत होता. हा क्रम महत्त्वाचा. कॉम्प्युटरमध्ये अपूर्णांकांची बेरीज उलटसुलट क्रमाने केली तर शेवटचा अंक बदलू शकतो. क्रम पक्का, आकडे पक्के, म्हणजे कुठलाही चौकोन कुठल्याही थ्रेडने, कधीही काढला तरी बाइट न् बाइट तेच चित्र यायला हवं. येत नसेल तर कुणीतरी कुणाच्या तरी वाटीत हात घातला आहे.

रे ट्रेसर अजून आहे. इतक्या वर्षांत तीनदा नव्याने लिहिला. समई तीच आहे, फक्त चित्र मोठं झालं आहे आणि मशीन सोळा थ्रेडचं. आईचं आता बसून रांगोळी घालणं होत नाही, गुडघे साथ देत नाहीत. गेल्या पाडव्याला खुर्ची टाकून बसली होती आणि गल्लीतल्या मुलींना दोरी किती ताणायची ते सांगत होती. रात्री परत आल्यावर मी दिवसभर केलेला एक बदल तपासायला घेतला. नेहमीसारखंच: आधी एका थ्रेडवर चित्र काढायचं, मग सोळांवर, आणि मग सीएमपी ही कमांड देऊन दोन्ही फाइलींचा बाइट न् बाइट ताडून बघायचा. फरक असला तर ती पहिल्या फरकाची जागा सांगते. नसला तर काहीच छापत नाही, नुसता प्रॉम्प्ट, म्हणजे पुढच्या कमांडची वाट बघणारी खूण, परत येतो.

एंटर दाबलं. प्रॉम्प्ट परत आला.